पोर्टांच्या लेकींचं लग्न

वरपक्ष रुसून निघून गेला ही बातमी धम्मप्रिया मॅडमना कळली, तेव्हा त्या चौथ्या नवरीला मुंडावळ्या बांधत होत्या. नवरी पुठ्ठ्याची होती. तिच्यावर तांबड्या रंगात, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ असं लिहिलेलं होतं. तिच्या तीन बहिणी शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्याही अंगावर ‘पोर्ट’च लिहिलेलं होतं.

बातमी आणली व्यंकटीभाऊंनी. व्यंकटीभाऊ म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष आणि गावातले एकमेव मंडपवाले. त्यामुळे कुठलंही लग्न मोडलं की आधी त्यांचं भाडं बुडतं.

“मॅडम, वऱ्हाड गेलं,” ते दारातूनच म्हणाले.

“कुठं गेलं?”

“फाट्यावर. यष्टीच्या शेडमधी जाऊन बसलंय समदं. नवरदेव बी संगं नेलेत. आन माझा टेम्पो बी नेलाय, भोंग्यासहित.”

“पण झालं काय?”

“च्या मिळाला न्हाई म्हणत्यात.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. विस्तार अधिकारी उमादेवी बिरादार यांची जीप अहमदपूरहून निघाल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता.

आता हे लग्न कोणाचं आणि कसलं, हे सांगायला हवं. टाकळवाडीची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतची. पोरं हुशार, पण इंग्रजीचा शब्द दिसला की पाणी पडलेल्या गुळासारखी विरघळायची. इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट हे शब्द मॅडमनी घोकून घेतले, फळ्यावर लिहून घेतले, तरी दुसऱ्या दिवशी इम्पोर्टचा माल बाहेर जायचा आणि एक्सपोर्टचा घरात यायचा. मॅडम अगदी मेटाकुटीला आल्या होत्या.

अशात एक दिवस चतुराबाई आजी आपल्या नातीला, शिल्पाला, मधल्या सुट्टीतच न्यायला आल्या. रेणापूरला लग्नाला जायचं होतं. मॅडमनी विचारलं, कोणाचं लग्न? आजींनी एका दमात सांगितलं, की शिल्पाच्या चुलतीच्या नणंदेच्या जावेच्या भाच्याचं, जो आधी आजींच्या माहेरच्या चुलतभावाचा व्याही लागायचा आणि आता या सोयरिकीमुळं दुसरीकडून मावसजावईही लागणार होता. मॅडम थक्क झाल्या. त्याहून थक्क झाल्या त्या शिल्पाने मध्येच आजीची एक चूक दुरुस्त केली तेव्हा. ज्या गावातली पोरं एवढं गणित तोंडी करतात, त्यांना इंग्रजी शब्दांची चार नाती का कळू नयेत?

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर घराणी आली. “लॅटिन म्हणजे आपल्या पालीसारखी, संस्कृतसारखी एक जुनी भाषा,” मॅडम म्हणाल्या. “तिथलं एक घराणं पोर्टांचं. पिढीजात धंदा वाहून न्यायचा. त्यांच्या चार लेकी चार घरी दिल्या. एक गेली इमच्या घरी. इम म्हणजे आत. आत वाहून आणते, ती इम्पोर्ट. एक गेली एक्सच्या घरी. एक्स म्हणजे बाहेर.” पुढचं पोरांनीच सांगितलं. ट्रान्स म्हणजे पल्याड, री म्हणजे परत. बातमी परत वाहून आणतो तो रिपोर्ट. “म्हंजी चुगलखोर घर हाय,” असं आजींच्या शेजारणीचा, सिंधुताईंचा सत्यम म्हणाला आणि तो शब्द वर्गात कोणी पुन्हा विसरला नाही.

मॅडमना आनंद झाला, पण फिकीर संपली नव्हती. गावात पिवळी गाडी येऊन गेली होती. तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेची गाडी, जी जूनपासून पोरांना दारातून नेणार आणि दारात आणून सोडणार होती. सिंधुताईंनी सत्यमचं नाव तिथं घालायचं ठरवलंच होतं, आणि सिंधुताईंनी ठरवलं की गल्लीतली आणखी पाच-सहा घरं ठरवतात. तेवढी पोरं गेली की पट घसरणार, एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, आणि सगळ्यांत नवीन आलेल्या म्हणून त्या धम्मप्रिया मॅडमच असणार. लग्नानंतरची सात-आठ वर्षं त्यांनी किनवटच्या जंगलात काढली होती आणि नवऱ्याने, रविकांतने, अहमदपूरच्या मार्केट यार्डात. आता कुठे नवरा-बायको एका ताटात जेवायला लागले होते. पुन्हा बोचकं बांधून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं या विचारानेच मॅडम रोज सकाळी हजेरीपटावरची नावं मोजत.

म्हणून त्यांनी पालक मेळाव्यात शब्दांचं लग्नच लावायचं ठरवलं. पालकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं की इथंही इंग्रजी येतं. विस्तार अधिकारी मॅडमनाही बोलावलं. पोरांची लग्नं लावण्याचा खेळ नको, म्हणून नवरे-नवऱ्या पुठ्ठ्याच्या करायच्या. हेडमास्तर शेषेराव सरांना कल्पना आवडली, पण त्यांना आयुष्यात जी एकच भीती होती तिने लगेच डोकं वर काढलं.

“मॅडम, लग्न कुठल्या पद्धतीनं लावणार? एका पद्धतीनं लावलं तर दुसरे नाराज. आणि वरून विचारलं तर?”

“नोंदणी पद्धतीनं लावू, सर. टेबलावर डिक्शनरी ठेवायची. जोडी डिक्शनरीत सापडली की लग्न कायदेशीर.”

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. मात्र खरी चूक पुढेच झाली. पालकांचे दोन पक्ष करायचे होते, आणि मॅडमनी ते चिठ्ठ्या टाकून केले. अर्ध्या पालकांना वरपक्ष निघाला, अर्ध्यांना वधूपक्ष. मॅडमना वाटलं, खेळातला खेळ. पण लग्न पुठ्ठ्याचं असलं तरी मान कोणी पुठ्ठ्याचा घेत नसतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सिंधुताईंना वरपक्षाची चिठ्ठी निघाली. त्याच संध्याकाळपासून त्यांची चाल बदलली. नळावर त्या हंडा घेऊन आल्या की आधी नंबर लावणाऱ्या वधूपक्षाच्या बायका नकळत बाजूला सरकू लागल्या. चतुराबाई आजींना वधूपक्ष निघाला, आणि सिंधुताई-आजींच्या घरांत एकच भिंत. भिंतीच्या अलीकडून ऐकू आलं, “मुलीकडच्यांनी जरा नमतं घ्यावं लागतं, बया.” भिंतीच्या पलीकडून उत्तर गेलं, “आमच्या पोर्टाच्या लेकी बगा, धडधाकट हायत, एकेकटीनं वझं उचलत्यात. तुमच्या ‘री’ला एकट्याला काय येतं?”

मॅडमनी प्रत्येकाला घरून एकेक डबा आणायला सांगितलं होतं. वधूपक्षाने ते मनावर घेतलं नाही. मुलीकडच्यांनी डबे मागवले असं रेणापूरपर्यंत झालं असतं. त्यांनी शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये चूल मांडली, पुऱ्या, भाजी आणि बुंदी केली. वरपक्षाने मग गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी व्यंकटीभाऊंचा टेम्पो काढला, त्यावर चारही नवरदेव उभे केले, भोंगा लावला आणि गावाला दोन वेळा वळसा घालून शाळेच्या फाटकाशी आले.

आणि फाटकावर कोणीही नव्हतं. मॅडम उठून तरातरा खिचडीच्या शेडकडे गेल्या, तेव्हा चतुराबाई आजी शेवटच्या पुऱ्या काढत होत्या.

“आजी, त्यांना चहा का नाही दिला?”

“दिला असता की. संपला.”

“संपला कसा?”

“आमी घेतला. सकाळधरनं चुलीपुढं बसलोय, माणसं हाव का मशीन? ते येतो म्हणले नवाला आन आले दहाला.”

“थोडा ठेवायचा ना त्यांना.”

“ठिवला व्हता. थंड झाला. थंड च्या वरमाईला दिला असता तर ती म्हणली असती, थंड च्या दिला. म्हणून तो बी आमीच घेतला.” आजींनी झारा आपटला. “आन म्या म्हणलं, बसा, दुसरा टाकते. तर तुमची सिंधु म्हणती, वऱ्हाडाच्या आधी मांडवकऱ्यांनी च्या घ्यायचा असतो, हे कुठल्या मुलखात शिकलात? म्या आता कामून बोलवायला जाऊ?”

मॅडमना आजींचं म्हणणं पटलं. वाईट एवढंच, की सिंधुताईंचंही पटलं होतं.

त्या व्यंकटीभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून फाट्यावर निघाल्या. वाटेत त्यांनी माफीची वाक्यं जुळवली. पण फाटा दिसला आणि सगळी वाक्यं विसरल्या. शेडसमोर उमादेवी मॅडमची जीप उभी होती.

दृश्य असं होतं: ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या आणि फेटे बांधलेल्या माणसांनी यष्टीची शेड गच्च भरलेली होती. त्यांनी हातात मोठमोठ्या पाट्या धरलेल्या. मागे भोंगा लावलेला टेम्पो. चेहरे असे, की आता हटणार नाही. उमादेवी मॅडमनी नोकरीत आजवर जेवढी आंदोलनं पाहिली होती ती सगळी अशीच दिसत होती, त्यामुळे त्या अगदी शांतपणे जीपमधून उतरल्या होत्या आणि नेहमीचा प्रश्न विचारत होत्या.

“तुमची मागणी काय आहे?”

“मान पायजे,” सिंधुताई म्हणाल्या.

“कुणाकडून?”

“मुलीकडच्यांकडून.”

उमादेवी मॅडमनी पाट्यांकडे पुन्हा पाहिलं. “या पाट्यांवर ‘एक्स’ का लिहिलंय? माजी सैनिकांचं काही प्रकरण आहे का?”

“न्हाई मॅडम. हे आमचे एक्स. ह्यांचा सोभाव बाहेर काढायचा.” सिंधुताईंनी पदर सावरला. नवऱ्या मुलाची ओळख करून द्यायची वेळ आली की कुठलीही वरमाई राग बाजूला ठेवते. “हे इम, आत घेणारे. हे री, परत आणत्यात. आन हे आमचे थोरले, ट्रान्स. पल्याड नेणारे. लई मोठं घर हाय, मॅडम, समद्या इंग्रजीत नातीगोती हायत. त्या पोर्टांना काय, वझं उचलायचं तेवढं येतं. कुठं न्यायचं ते आमीच सांगायचं असतं.”

उमादेवी मॅडम एक पाऊल पुढे आल्या. “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“शिकवायला काय लागतंय? सोयरिक करायची तर चौकशी नको का करायला?”

एवढ्यात धम्मप्रिया मॅडम पोचल्या. त्यांनी नमस्कार केला, आंदोलन नसून लग्न आहे हे सांगितलं, लग्न सध्या मोडलेलं आहे हेही सांगितलं आणि अधिकाऱ्यांना शाळेत येण्याची विनंती केली. सिंधुताईंना म्हणाल्या, “ताई, चला ना. मी स्वतः चहा करते.”

“तुमी कशाला, मॅडम? तुमी काय मुलीकडच्या हाव का?” सिंधुताई म्हणाल्या. “त्यांनी यावं. आमी हितंच बसून राहिलोय.”

उमादेवी मॅडम शाळेत आल्या. शेषेराव सर फाटकावर हार घेऊन उभे होते, आणि त्यांच्या मागे व्यासपीठावर चार मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्या एकट्याच बसल्या होत्या. पोर्ट, पोर्ट, पोर्ट, पोर्ट. समोर टेबलावर डिक्शनरी. सरांनी कोणी न विचारताच सांगून टाकलं, “मॅडम, ही कल्पना माझी नाही.”

वरपक्ष येत नाही असं आजींना कळलं तेव्हा त्यांनी हात पुसले, व्यासपीठावर चढल्या आणि मंडपातला माईक हातात घेतला. व्यंकटीभाऊंनी मंडपाला चांगला दणदणीत भोंगा दिला होता. फाटा शाळेपासून भोंगा ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर.

“फाट्यावरल्या पाव्हण्यांनो, ऐका,” भोंगा म्हणाला. “आमच्या लेकी काय रस्त्यावर पडल्या न्हाईत. आमाला दुसरी स्थळं हायत.” मग माईक तसाच चालू ठेवून आजी धम्मप्रिया मॅडमना म्हणाल्या, “हायत का वो, मॅडम?”

मॅडमना काय बोलावं कळेना. तेवढ्यात वधूपक्षाच्या पोरांतून शिल्पा ओरडली, “एबल हाय की, आजी. पोर्टेबल. उचलून नेता येतं ते.”

“बगा,” आजी भोंग्यात म्हणाल्या. “एबलचं स्थळ आलंय. लई शांत पोरगा. तुमच्यासारखा पुढं पुढं मिरवत न्हाई, बायकोच्या मागं चालतो. आन त्याचा भाऊ हाय, अर. पोर्टर. तो बी मागंच चालतो.”

मंडपात बायकांचं हसू फुटलं. कोणीतरी एअरपोर्ट सुचवलं. धम्मप्रिया मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “तो पोर्ट बंदरातला, लांबच्या भावकीतला.” आजींनी तेही जाहीर केलं, की आमचं एक घराणं तर इमान उडवतं.

मग टेम्पोवरचा भोंगा खरखरला. सिंधुताईंच्या मागे सत्यम आणि वरपक्षाची पोरं उभी असणार, कारण मधूनमधून कुजबुज ऐकू येत होती.

“आमच्या एक्सला बी स्थळ आलंय,” सिंधुताई म्हणाल्या. “प्रेस घराणं. एक्स-प्रेस. आन आमच्या इमला तिचीच धाकली, इम-प्रेस. आन आमच्या रीला कोण आली ठाव हाय का? जेक्ट. जेक्ट म्हंजे फेकायचं. रि-जेक्ट. म्हंजे परत फेकून दिली. कोणाला फेकून दिली ते शाळंतल्या लोकांनी वळखून घ्यावं.”

मंडपात “ओ हो” असा मोठा आवाज उठला. आजींचा चेहरा तांबडा झाला. शेषेराव सर पुटपुटले, “वरून विचारलं तर?” पण वरून आलेल्या उमादेवी मॅडम खुर्चीच्या अगदी टोकावर येऊन बसल्या होत्या. समोर आलेल्या गरम चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

“आन आमच्या ट्रान्सचं,” फाट्यावरचा भोंगा विजयाने म्हणाला, “आता फिक्सच झालं. मुलगी फेर. लॅटिनातलीच, पोर्टाच्या तोडीची. फेर म्हंजे बी वाहून न्यायचं. तुमच्याच धंद्यातली, पण तुमच्यापरीस शिकलेली. ट्रान्स-फर. ट्रान्सफर. लगीन जमलं.”

फाट्यावर टाळ्या पडल्या. मंडपात धम्मप्रिया मॅडमनी डोळे मिटून घेतले.

शब्द अगदी बरोबर होता. फेर म्हणजे वाहून नेणे हे त्यांनीच मागच्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि सत्यमने ते कसं अचूक लक्षात ठेवलं होतं. शिक्षिका म्हणून त्यांना नाचावंसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना रडू यायला लागलं. त्यांनी आजींच्या हातून माईक घेतला.

“सिंधुताई,” त्या म्हणाल्या, “शब्द बरोबर आहे. सत्यमला शाबासकी द्या. पण हे एवढं लग्न लावू नका. माझ्या घरावर येतंय ते. तुमची पोरं पिवळ्या गाडीनं गेली की इथला पट कमी होणार आणि माझी ट्रान्सफर होणार. आठ वर्षं मी किनवटला होते आणि माझे मिस्टर इथं. पुन्हा तेच व्हायची मला फार भीती वाटते. मी हे तुम्हाला सांगणार नव्हते. तुम्ही शाळा चांगली आहे म्हणून थांबावं, माझ्यावर दया म्हणून नाही, असं मला वाटत होतं. आता बोलून गेले.”

त्यांनी माईक खाली ठेवला. फाट्यावरच्या भोंग्यातून नुसती खरखर येत होती. मग टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, आणि व्यंकटीभाऊ हळूच म्हणाले, “डिझेल माझंच हाय.”

टेम्पो फाटकाशी येऊन थांबला. सिंधुताई ट्रान्सची पाटी छातीशी धरून उतरल्या आणि सरळ व्यासपीठाशी आल्या.

“मॅडम, हे आदी सांगायचं न्हाई का? उगं आमच्या हातनं नको ते लगीन जमलं असतं.”

“ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न आहे. तुम्ही तुमच्या मनानं…”

“मनाचंच सांगून राहिले. म्या इंग्रजीच्या भ्यानं सातवीतून शाळा सोडली, मॅडम. आज म्या भोंग्यावर इंग्रजीत भांडले. गावानं ऐकलं, माझ्या सासूनं ऐकलं. सत्यम गेला तिकडं पिवळ्या गाडीतून, तर मला घरी येऊन ही घराणी कोण सांगंल? गाडीवाल्याला म्या सांगते, आमच्या गल्लीत हॉर्न वाजवू नको.” एवढं बोलून त्या आजींकडे वळल्या आणि आवाज पुन्हा वरमाईचा झाला. “पण च्या लागंल. आदी च्या, मग लगीन.”

“आल्याचा टाकते,” आजी म्हणाल्या. “पण मघाशी घेतला तो घेतला. त्याची माफी मागणार न्हाई.”

“मागू नका. आमी बी उशिरा आलो त्याची मागणार न्हाई.”

अशा रीतीने दोन्ही बाजूंची इज्जत राहिली. वरपक्षाने चहा घेतला, तो उकळता होता आणि सिंधुताईंनी तो जरा जास्तच गोड आहे असं म्हटलं, कारण काहीच न म्हणणं वरमाईला शोभलं नसतं. मग लग्नं लागली. जोडी समोर आली की पोरं डिक्शनरी उघडत, शब्द सापडला की शेषेराव सर “कायदेशीर” असं म्हणत आणि सगळे फुलं टाकत. शेवटी उमादेवी मॅडमनी साक्षीदार म्हणून सही केली आणि बुंदी दोनदा वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर त्या बोलायला उभ्या राहिल्या. असं काही आपण नोकरीत पाहिलं नाही असं त्या म्हणाल्या आणि ते खरं होतं. मग त्यांनी धम्मप्रिया मॅडमच्या खांद्यावर हात ठेवला.

“अशा शिक्षिकेला एका गावात ठेवणं हा अन्याय आहे. मी आजच वर कळवते. मॅडमना आपण लातूरला घेऊन जाऊ, जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांना शिकवायला. दोन वर्षांची प्रतिनियुक्ती.”

शेषेराव सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आपण एकटेच वाजवतोय हे ध्यानात येऊन थांबवल्या. धम्मप्रिया मॅडमची पंचाईत झाली. नको म्हणावं तर साहेब, हो म्हणावं तर रविकांत. सगळा खटाटोप ज्या एका गोष्टीसाठी केला ती गोष्ट सोन्याच्या ताटात घालून परत समोर आली होती.

“प्रतिनियुक्ती म्हंजे काय वो?” सिंधुताईंनी विचारलं.

“डेप्युटेशन,” उमादेवी मॅडम म्हणाल्या.

“म्हंजे हितनं उचलायचं आन तिकडं न्यायचं?”

“तसंच काहीसं.”

सिंधुताईंनी आजींकडे पाहिलं. आजींनी सिंधुताईंकडे पाहिलं. दोन घरांच्या मधली भिंत त्या क्षणी कुठेही नव्हती.

“मॅडम,” आजी हात जोडून म्हणाल्या, “तुमी साक्षीदार हाव, मोठ्या हाव. पण हे स्थळ आमाला पसंत न्हाई. आमची पोरगी आमी लांब देत न्हाई. ज्यांना शिकायचंय त्यांनी हिकडं यावं.”

“हाव,” सिंधुताई म्हणाल्या. “बगायला यायचं ते मुलीच्या घरीच यावं लागतंय.”

उमादेवी मॅडमनी त्या दोघींकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं, मंडपाबाहेर टेम्पो आणि त्यावरचा भोंगा अजून तसाच होता तिकडेही पाहिलं, आणि त्या हसून खाली बसल्या.

पुढच्या महिन्यात तालुक्यातले इंग्रजीचे शिक्षक टाकळवाडीला शिकायला येणार असं पक्कं झालं. या वेळी लग्न होतं ‘स्पेक्ट’ घराण्यातलं, म्हणजे बघणाऱ्यांचं. रिस्पेक्ट, इन्स्पेक्ट, सस्पेक्ट. मॅडम पुन्हा पक्ष पाडायला बसल्या, तर कोणी वरपक्ष घ्यायलाच तयार होईना. मुलीकडचंच पाहिजे, असं सगळ्या गावाचं म्हणणं पडलं. मागच्या खेपेला पहिला चहा कोणी घेतला होता, हे गाव विसरलं नव्हतं. शेवटी ठरलं की टाकळवाडी सगळी मुलीकडची आणि येणारे शिक्षक वरपक्ष.

त्या दिवशी सकाळी फाट्यावर शिक्षकांची बस थांबली. व्यंकटीभाऊ धावत खिचडीच्या शेडमध्ये आले. चुलीवर भलंमोठं पातेलं उकळत होतं आणि आजी झाकण उघडून बघत होत्या.

“आले, आले. वऱ्हाड फाट्यावर आलं. च्या झाला का?”

“झाला,” सिंधुताई म्हणाल्या. त्यांनी एक कप आजींना भरून दिला, एक धम्मप्रिया मॅडमच्या हातात ठेवला, तिसरा स्वतः घेऊन चुलीजवळच्या पाटावर ऐसपैस बसल्या आणि बशीत ओतून फुंकर मारली. “येऊ द्या त्यांना दमानं. आदी आपण घेऊ.”